अजिंठा : भित्तिचित्रांचे छायाचित्रण

अजिंठ्याच्या चित्रांची नोंद आधी कुंचल्याने झाली आणि दोनदा आगीत सापडली. मेजर रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या अनेक प्रती १८८५मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

गिल यांनी कॅमेराही हाताळला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्यासह १८६४मध्ये निघालेल्या पुस्तकात त्यांची ७४ छायाचित्रे आहेत, मात्र बिनरंगी. आणि अजिंठ्याचे सारे वैभव तर रंगात! हैदराबाद संस्थानाच्या आश्रयाने गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ दरम्यान काढलेल्या ग्रंथमालेत रंगीत छायाचित्रे आली.

प्रखर दिव्यांनी रंग विटण्याचा धोका असतो. म्हणून १९९०च्या दशकात बिनॉय बहल यांनी अत्यंत मंद उजेडात, झडप दीर्घकाळ उघडी ठेवून लेण्यांतली चित्रे टिपली.