हाँगकाँगला निघालेले सूत

मुंबईच्या गिरण्या म्हटले की डोळ्यांसमोर कापडाचे तागे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मात्र गोदीवर चढणाऱ्या त्यांच्या गासड्या बहुतेक सुताच्या असत आणि त्या निघत हाँगकाँग व शांघायकडे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनी ताडदेवला चाती फिरू लागली. पुढच्या गिरणीमालकांना चीनची वाट नवी नव्हती. अफू आणि कापसाच्या व्यापारामुळे मुंबईच्या पेढ्यांना कँटन-हाँगकाँग आधीच ठाऊक होते. वऱ्हाड-खानदेशातल्या आखूड धाग्याच्या कापसातून जाडेभरडे, स्वस्त सूत निघे. बारीक सुतात इंग्लंडमधल्या लँकेशायरशी टक्कर देणे अवघड होते, पण चीनच्या खेड्यांतल्या हातमागांना हेच जाड सूत हवे होते.

मग आले 1893 साल. सरकारने हिंदुस्थानच्या टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद केल्या. रुपयाची चांदीशी असलेली गाठ सुटली. चीनचा व्यवहार चांदीतच चाले आणि चांदीचा भाव घसरत होता. त्यामुळे मुंबईचे सूत चिनी व्यापाऱ्याला महाग पडू लागले. जपानचे चलन तेव्हा चांदीवरच होते, त्यामुळे तिथल्या गिरण्यांना ही अडचण नव्हती.

त्याच वर्षी गिरणीमालक जमशेटजी टाटा जपानला गेले. पूर्वेच्या मार्गावर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीचे जहाजभाडे गिरण्यांना जड जात होते. टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून आपली जहाजे सोडली. पी. अँड ओ.ने भाडे इतके पाडले की टाटांची जहाजे फार काळ टिकली नाहीत. जपानी कंपनीची मुंबई-कोबे फेरी मात्र चालू राहिली. तिच्यातून हिंदुस्थानचा कापूस जपानला पोहोचू लागला आणि त्याच कापसाचे जपानी सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुतासमोर उभे राहिले. 1897 मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली.

इकडे 1896 च्या प्लेगने मुंबई हादरली होती. माणसे मिळेल त्या वाटेने कोकणात आणि घाटावर परतली; गिरण्यांतली खाती ओस पडली.

गिरण्यांनी वाट बदलली. परदेशात सूत विकण्याऐवजी घरच्या बाजारासाठी कापड विणायचे, म्हणून मागांची संख्या वाढू लागली. देशी गिरण्यांच्या कापडावर सरकारने 1896 मध्ये साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता, तरीही हा ओघ थांबला नाही. 1905 नंतर स्वदेशीच्या चळवळीने देशी धोतरे-साड्यांना मागणी दिली. पहिल्या महायुद्धापर्यंत चीनची पेठ बरीचशी हातची गेली होती, पण गिरण्या तगल्या होत्या.

हा बदल गिरणगावात माणसामाणसापर्यंत पोहोचला, पण सारख्या मापाने नाही. विणकराची मजुरी सूतकताई खात्यापेक्षा चांगली. पण मागावर नवी कांडी धोट्यात बसवली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. या विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्याचे दार बंद राहिले. ज्या खात्याने गिरण्यांना तारले, त्याच खात्यातली चांगली मजुरी त्यांच्या वाट्याला आली नाही.

1928 च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला, की संपाच्या मागण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश देण्याची मागणीही असलीच पाहिजे.