अपघातानंतरची स्कॅन-तपासणी आणि मेडिक्लेम

अपघातानंतरची स्कॅन-तपासणी म्हणजे इजा कुठे आणि किती खोलवर आहे हे पाहण्यासाठी काढलेले एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय इत्यादी. त्यांच्या खर्चावरून विमेदार आणि कंपनी यांच्यात होणारा वाद बहुधा तपासणीची वैद्यकीय गरज होती का, यावर येऊन ठेपतो. ही गरज त्या वेळी डॉक्टरांपुढे असलेल्या शंकेवरून जोखायला हवी, रिपोर्टमध्ये काय निघाले त्यावरून नव्हे. उदाहरणार्थ, पुण्याच्या सदाशिव पेठेत ३१ मे २०२५ रोजी भावे हायस्कूलजवळच्या चहाच्या दुकानापाशी उभ्या असलेल्यांच्या अंगावर मोटार गेली. बारा जण जखमी झाले, त्यांत एमपीएससीची तयारी करणारे विद्यार्थी बरेच होते. अशा प्रसंगी मोडलेल्या पायाच्या एक्स-रेवर कोणी हरकत घेत नाही. अडते ते डोके आपटून क्षणभर शुद्ध हरपलेल्या, पण आता नीट बोलणाऱ्या माणसापाशी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅनेडियन सीटी हेड रूल’नुसार अशा रुग्णाला दोनदा उलटी झाली, वय ६५ वा अधिक असले किंवा पायी असताना वाहनाने उडवले असले, तर सीटीचा विचार करावा लागतो. मग रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तपासणी फुकट गेली असे होत नाही; रुग्णाला घरी सोडायचे की नाही, हे त्याच रिपोर्टवर ठरते.

पॉलिसीची रचना मात्र वेगळी. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांनुसार केवळ तपासणीसाठी घेतलेली भरती, तसेच चालू निदान-उपचारांशी संबंध नसलेल्या तपासण्या वगळता येतात. नेहमीचा मेडिक्लेम किमान २४ तासांची भरती धरून चालतो. त्यामुळे ओपीडीतच स्कॅन काढून सोडलेल्या रुग्णाच्या खिशाला, ओपीडीचे वेगळे संरक्षण नसेल तर, चाट बसते. आणि रात्रभर ठेवून घेतले, तर तीच भरती ‘फक्त तपासणीसाठी’ ठरवून कंपनी क्लेम नाकारू शकते. हे दुसरे टिकणारे नाही. डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध, बाहुल्या, नाडी ठराविक अंतराने पाहत राहणे हा उपचाराचाच भाग आहे. कंपन्यांचे म्हणणे असे, की लगाम नसेल तर ऊठसूट स्कॅन निघतील आणि हप्ते सगळ्यांचेच वाढतील. त्यात तथ्य आहे. शिवाय सीटीत किरणोत्सर्ग असतोच. पण लगाम वैद्यकशास्त्रातच आहे. घोट्याच्या दुखापतीसाठीचे १९९२ चे ‘ओटावा’ निकष तर अनावश्यक एक्स-रे टाळण्यासाठीच आखले गेले. कंपनीने मागायचे ते केसपेपरवरचे कारण: मार कसा लागला, शुद्ध किती वेळ हरपली, उलट्या किती झाल्या. डॉक्टरांनीही ‘सीटी ब्रेन’ एवढेच खरडून भागवू नये. कारण नोंदलेले असूनही कंपनीने क्लेम नाकारला आणि त्यावरची लेखी तक्रारही फेटाळली किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर पुण्यात सदाशिव पेठेशेजारच्या नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.