थोरली प्रत कीं धाकटी?

ग्रंथाप्रमाणें चित्रपटही एकाच रूपांत लोकांपुढें येतो, असा समज फार दिवस रूढ होता. वस्तुतः एकाच चित्रपटाच्या दोन, तीन, क्वचित् पांचही प्रती असतात. चित्रगृहांत जाणाऱ्या प्रेक्षकास त्यांचा पत्ता नसे. वितरक जें पाठवील तें तो पाही आणि घरीं जाई. निवडीचा प्रश्न उभा राहिला तो चित्रपट घरांत आल्यावर. १९८० सालीं मायकेल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ २१९ मिनिटांच्या प्रतींत झळकला, टीकेच्या भडिमारानें मागें घेतला गेला, आणि १९८१ मध्यें १४९ मिनिटांचा होऊन पुन्हां आला व पुन्हां पडला. डिसेंबर १९८२ मध्यें लॉस एंजलिसच्या ‘झी चॅनल’ या तारवाहिनीनें मूळची लांब प्रत घरोघर दाखविली. चित्रगृहानें टाकून दिलेली प्रत दिवाणखान्यांत मानानें येऊन बसल्याचा हा आरंभींचा प्रसंग होय.

तेव्हांपासून लांब प्रत म्हणजे खरी प्रत, असा एक भाबडा नियम पुष्कळांनीं मनाशीं धरला. तो तपासून पाहण्यास तीन उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें उदाहरण डेव्हिड लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चें. १० डिसेंबर १९६२ रोजीं लंडनमध्यें तो २२२ मिनिटांचा होता. थोड्याच आठवड्यांत त्यांतून सुमारें वीस मिनिटें काढलीं गेलीं, आणि १९७१ च्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळीं कात्री पुन्हां फिरून तो १८७ मिनिटांवर आला. वाळवंटाची विशालता हाच ज्या कृतीचा प्राण, तिच्यांतून अवकाश काढून घेणें म्हणजे तानपुऱ्याच्या तारा मोजून कमी करण्यासारखें होतें. रॉबर्ट हॅरिस आणि जिम पेंटन यांनीं हे तुकडे शोधून १९८९ मध्यें चित्रपट पुन्हां उभा केला. कांहीं दृश्यें मिळालीं, पण त्यांचा ध्वनि मिळाला नाहीं. म्हणून पीटर ओटूल आणि ॲलेक गिनेस यांनीं पाव शतकानंतर आपलेच संवाद पुन्हां म्हटले. सेनापति ॲलन्बीची भूमिका करणारा जॅक हॉकिन्स १९७३ मध्यें वारला होता. त्याच्याकरितां चार्ल्स ग्रेनें आवाज दिला. स्वतः लीन या कामीं हजर होता, आणि जुनें सांपडलें तें सर्वच त्यानें ठेवलें नाहीं. कांहीं जागीं पुनः कात्री चालविली. हा तपशील भाबड्या नियमाला चांगलाच अडचणीचा आहे. (वाळवंटांत मागें राहिलेला आणि लॉरेन्सनें परत आणलेला गासिम हा मुंबईच्या बोलपटांतील आय. एस. जोहर, हें आपल्याकडील प्रेक्षकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.) या चित्रपटाची लांब प्रत घरीं आणावी, यांत दुमत होण्याचें कारण नाहीं. तेथें कापणाऱ्याचा हेतु कलेचा नव्हता.

आपल्याकडील ‘शोले’चें प्रकरण याच जातीचें. १९७५ मध्यें, आणीबाणीच्या काळांत, ठाकूर गब्बरला पायांनीं ठार मारतो हा मूळचा शेवट परिनिरीक्षकांच्या आग्रहानें बदलून ऐन क्षणीं पोलीस आणावे लागले. मूळ शेवट पुढें घरगुती प्रतींतून लोकांनीं पाहिला. ज्यांनीं दोन्ही पाहिले त्यांस पोलिसांचें येणें कायमचें खटकत राहतें.

परंतु ज्युसेप्पे तोर्नातोरेचा ‘सिनेमा पॅराडिसो’ नेमकी उलट साक्ष देतो. १९८८ मध्यें इटलींत तो १५५ मिनिटांचा लागला व चालला नाहीं. मग १२४ मिनिटांचा झाला. १९८९ मध्यें कान येथें परीक्षकांचें विशेष पारितोषिक आणि १९९० मध्यें परभाषिक चित्रपटाचें ऑस्कर त्यास मिळालें. २००२ मध्यें सुमारें १७३ मिनिटांची तिसरी प्रत आली. तींत प्रौढ साल्वातोरे आपल्या तरुणपणच्या प्रेयसीस भेटतो, आणि ताटातूट घडविण्यांत यंत्रचालक आल्फ्रेदोचाच हात होता हें त्यास कळतें. धाकट्या प्रतींतील आल्फ्रेदो पितृतुल्य आहे. थोरल्या प्रतींत तोच एका आयुष्याचा सौदा करणारा ठरतो. दोन प्रतींत केवळ पाऊण तासाचें अंतर नाहीं. माणूसच निराळा आहे. गांवचा पाद्री घंटा वाजवून चुंबनदृश्यें कापवितो आणि शेवटीं तेच तुकडे आसवें आणतात, अशी कथा सांगणारा चित्रपट स्वतः कापल्यावरच सुधारला, यांत मोठी गंमत आहे. प्रथम पाहणाऱ्यानें १२४ मिनिटांचीच प्रत पाहावी. थोरली नंतर पाहतां येते, पण एकदां कळलेलें गुपित विसरतां येत नाहीं.

घराघरांत वाद माजतो तो मात्र पीटर जॅक्सनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरून. २००१ ते २००३ मध्यें आलेले तीन भाग १७८, १७९ व २०१ मिनिटांचे. तबकड्यांवरील विस्तारित प्रती प्रत्येकीं सुमारें तीस ते पन्नास मिनिटांनीं मोठ्या. एकूण सव्वानऊ तासांचे सव्वाअकरा तास होतात. येथें कोणी जुलमानें कापलें नव्हतें, आणि जॅक्सननेंही या प्रतींस दिग्दर्शकाची प्रत न म्हणतां विस्तारित आवृत्ति म्हटलें. वाढीव भागासाठीं हॉवर्ड शोरकडून संगीतही नवें करून घेतलें. दुसऱ्या भागांतील बोरोमिर, फारामिर आणि त्यांचा पिता यांचा पूर्वप्रसंग नसेल तर फारामिरचें वागणें कोडें वाटतें. तिसऱ्या भागांत सारुमानचा शेवट चित्रगृहांतील प्रतींतून अजिबात गळला होता, व तो रंगविणारा क्रिस्टोफर ली त्यामुळें नाराज झाला. उलट पहिल्या भागाची धाकटी प्रत अधिक चपळ आहे. ज्या घरांत कथा कोणासच ठाऊक नाहीं तेथें तिनेंच आरंभ करावा; दुसऱ्या भागापासून विस्तारित प्रत घेण्यास हरकत नाहीं. मूळ ग्रंथ वाचलेल्या मंडळींनीं पहिल्यापासूनच विस्तारित घ्यावी. तिची पहिली तबकडी एल्रॉन्डच्या सभेंत नऊ सोबती ठरतांच संपते, आणि दुसरी लावण्यापूर्वीं पानें वाढून जेवण उरकून घेण्यास तेवढी सवड पुरते.