नवा पत्रा, जुनी गाडी



तत्त्वज्ञानाच्या माणसाला इतिहासावर बोलायला उभं केलं की तो काहीतरी अमूर्त काढणार, अशी धास्ती तुम्हाला असणार. म्हणून आज मुद्दाम एक मूर्त वस्तू आणली आहे. टेबलावर हा जो वीतभर लांबीचा गंजका पत्रा ठेवलाय, तो १९६६ सालच्या एका एम.जी.बी. गाडीचा आहे. ती गाडी आमच्याकडे चौतीस वर्षं होती. 'आम्ही' हे आदरार्थी नाही बरं का, नवरा-बायको दोघांचं मिळून आहे. सौ. पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. सनावळीत काही चुकलं तर त्या तिथूनच सांगतील.

१९७७ साली इंग्लंडात रेडिंगजवळ आम्ही नोकरीला होतो आणि पैशाची चणचण होती. तरीही ही लाल, दोन माणसांची, कापडी छपराची गाडी आम्ही जुन्यात घेतली. शहाणपणाचं कारण काही नव्हतं. मात्र एक गंमत झाली. बॉनेट उघडलं आणि सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर आमच्या काकांच्या अँबॅसिडरसारखंच दिसतंय!" ते खरं होतं. मॉरिस ऑक्सफर्डचीच आपल्याकडे अँबॅसिडर झाली, आणि १९५९ पासून तिच्यात १४८९ सी.सी.चं जे इंजिन बसायला लागलं, ते ब्रिटिश 'बी सीरिज' घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, त्याच आकाराचं इंजिन १९५५ च्या एम.जी.ए. या स्पोर्ट्स गाडीत होतं, आणि आमच्या एम.जी.बी.त त्याचंच १७९८ सी.सी.चं मोठं भावंड. म्हणजे ज्या इंजिनानं कलेक्टरसाहेबांना दौऱ्यावर नेलं, त्याच्याच सख्ख्या भावानं कॅलिफोर्नियातल्या पोरांना समुद्रकिनाऱ्यानं फिरवलं. स्पोर्ट्स गाडी म्हणजे काहीतरी राजेशाही, हाताने घडवलेलं, असा आपला समज असतो. एम.जी.च्या बाबतीत तो मुळातच चुकीचा आहे, आणि हा मुद्दा पुढे लागणार आहे.

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिसचं ऑक्सफर्डमधलं विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान. १९२२ साली तिथे सेसिल किंबर व्यवस्थापक झाला आणि मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्यांवर देखणी, हलकी शरीरं चढवून विकू लागला. धंदा वाढला तसा १९२९ साली कारखाना जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात गेला. किंबरचा शेवट चटका लावणारा आहे. १९४१ साली त्याला कंपनीतून काढलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या रेल्वे अपघातात तो गेला. युद्धानंतर एम.जी.ला जगभर जे नाव मिळालं, ते पाहायला तो नव्हता.

त्या नावाबद्दलही एक दंतकथा आहे. अमेरिकन सैनिक परतताना टी.सी. मॉडेलच्या गाड्या घरी घेऊन गेले आणि त्यातून तिकडे वेड पसरलं, असं सांगतात. टी.सी. बनल्या सुमारे दहा हजार, आणि त्यातल्या अमेरिकेत विकल्या गेल्या जेमतेम दोन हजार. खरी लाट नंतरची. एम.जी.ए. एक लाखाच्या वर बनल्या, आणि १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. पाच लाखांहून जास्त. त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला, आणि शेवटी हेच अवलंबून राहणं नडलं. अमेरिकेत सुरक्षिततेचे नियम आले, तेव्हा १९७४ च्या शेवटी गाडीला काळे रबरी बंपर लागले आणि तिची उंची वाढवावी लागली. वळणावरची तिची पकड गेली. प्रदूषणाच्या नियमांपायी तिकडच्या गाड्यांच्या इंजिनाचा दम गेला. नवं मॉडेल काढायला मालक कंपनी, ब्रिटिश लेलँड, पैसे घालीना. १९७९ मध्ये पौंड वधारला आणि डॉलरमध्ये विकलेल्या गाडीत काही सुटेनासं झालं.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डननं कारखान्याची पन्नाशी साजरी केली. गावातून जुन्या-नव्या गाड्यांची मिरवणूक निघाली. तो उत्सव संपला आणि सोमवारी, १० सप्टेंबरला, गाडी बंद करायची घोषणा झाली. शेवटची एम.जी.बी. ऑक्टोबर १९८० मध्ये बाहेर पडली. कारखाने बंद पडतात, त्यात नवल नाही. आपण मुंबईच्या गिरण्या पाहिल्यात. पण हार घालून लगेच दार लावून घ्यायचं, याला काय म्हणावं?

या कारखान्यात बावीस वर्षं काढलेला एक गृहस्थ पुढे आमचा शेजारी झाला. त्याचं नाव घेत नाही, ते त्याला आवडलं नसतं. दर रविवारी तो कुंपणापलीकडून आमची धडपड बघायचा. एकदा आमचा पाना बोल्टवरून सटकला आणि हाताची सालटी निघाली. तेव्हा तो आत आला, न बोलता पाना घेतला, बोल्ट काढला आणि म्हणाला, "चहा चालेल." तिथून पुढे आमचं शिक्षण सुरू झालं. एम.जी.बी.ला वेगळी चासी नसते, पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. त्यात डोक्यावर छप्पर नाही. त्यामुळे सगळा भार दाराखालच्या पोकळ पेट्यांवर येतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाणी त्या पेट्यांत शिरतं आणि गाडी आतून कुजते. वरून रंग चकचकीत असतो. त्यानं शिकवलेली परीक्षा सोपी होती. मागून जॅक लावा आणि दार उघडून बंद करून पाहा. दार अडलं, तर गाडी मधून वाकते आहे.

१९८९ साली आमचं दार अडलं.

वेल्डिंगची ठिगळं आधीच दोनदा लावून झाली होती. पण १९८८ पासून एक नवीन सोय झाली होती. एम.जी.बी.च्या पत्र्याचे मूळ साचे शोधून काढून, त्यांच्यावरच अख्खी नवीन काया बनवून विकायला सुरुवात झाली होती. कारखाना जाऊन आठ वर्षं झाली आणि गाडीचं शरीर कोरं करकरीत पुन्हा मिळू लागलं! प्रश्न असा की जुनी काया फेकून, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, आसनं नवीन कायेत बसवली, तर ती आमचीच गाडी राहील का?

हा प्रश्न आमच्या पोटापाण्याचा. 'मिलिंदपन्ह'मध्ये भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू आलास तो रथ म्हणजे काय? आस, चाकं, जू? यातलं काहीच एकटं रथ नाही, आणि यांच्यावेगळा रथही नाही. 'रथ' हे या सगळ्याच्या जुळणीला दिलेलं नाव. वर्गात हे शिकवताना आम्ही कधी अडखळलो नाही. स्वतःच्या गाडीखाली उताणं पडल्यावर अडखळलो.

शेजाऱ्याला विचारलं. त्यानं नागसेन वाचला नव्हता, पण उत्तर तेच दिलं. "अ‍ॅबिंग्डनला आम्ही पत्रा कधी बनवलाच नाही. काया दुसरीकडून यायची, इंजिन तिसरीकडून. आम्ही जोडायचो. तुम्हीही जोडा." त्याचं म्हणणं इतिहासाला धरून होतं. अ‍ॅबिंग्डन हा जुळणीचा कारखाना होता. एम.जी. या नावामागे जे काही होतं, ते त्या माणसांच्या हातांत होतं. आम्ही नवीन काया मागवली.

दोन हिवाळे काम चाललं. दरम्यान, जुलै १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात एका बेंटलेचा निकाल लागला. 'ओल्ड नंबर वन' ही १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मां शर्यत जिंकलेली गाडी. ती सुमारे एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, आणि घेणारे म्हणू लागले की ही ती गाडीच नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. शर्यतींसाठी तिची चासी, इंजिन, काया वेळोवेळी बदलत गेली होती. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मेला, त्यानंतर ती पुन्हा नव्यानं बांधली गेली. १९२९ सालचं म्हणून ठामपणे दाखवता येईल असं तिच्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी सांगितलं की ही अस्सल 'ओल्ड नंबर वन'च आहे, कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. आम्हाला हायसं वाटलं. दोघांनी त्या दिवशी बाहेर जेवण केलं.

पण हे हायसं वाटणं काही टिकलं नाही. बेंटले हळूहळू बदलली, प्रत्येक बदलाला शर्यतीचं किंवा अपघाताचं कारण होतं, त्याच्या नोंदी होत्या. आमची काया एका शनिवारी भंगारवाल्याच्या ट्रकवर गेली. ती जायच्या आदल्या दिवशी डॅशबोर्डामागचा पत्रा उघडा पडला, तर तिथे निळ्या मेणखडूनं आकडा लिहिलेला आणि पुढे बरोबरची खूण. शेजारी बॅटरी घेऊन वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. जुळणीच्या ओळीवर तपासणी झाली की अशी खूण करायचे, म्हणाला. अक्षर कोणाचं ते त्याला ओळखता आलं नाही. त्यानं करवत मागितली, तेवढा तुकडा कापला आणि आमच्या हातात दिला. बाकीच्या कायेवर अशा अजून किती खुणा होत्या, ते आम्ही पाहिलं नाही. आधीच्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्या होत्या, रंगाचे थर होते. सगळं भंगारात गेलं.

पत्रा, लोखंड यांना स्वतःची साक्ष असते, आणि ती कागदात सापडतेच असं नाही. टी.सी.च्या इंजिनाचंच बघा. बोल्टचं डोकं ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचं, पण आटे मिलिमीटरमध्ये! का? कारण ते इंजिन कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्याच्या परंपरेतलं, तो मुळात फ्रेंच हॉचकिस कंपनीचा. मॉरिसनं तो १९२३ साली विकत घेतला, फ्रेंच यंत्रसामग्रीसकट. ही अख्खी हकीकत एका बोल्टमध्ये बसली आहे. 'सोयीचा' म्हणून कोणी नवीन बोल्ट बसवला की ती हकीकत गेली. दगडी वास्तूंच्या जतनाची व्हेनिस सनद १९६४ साली झाली. जुन्या वाहनांसाठी त्याच धर्तीची टुरिन सनद यायला आणखी जवळजवळ अर्धं शतक लागलं. ती म्हणते की वापराच्या खुणा शक्य तितक्या ठेवा, आणि बदललेला भाग बदललेला आहे हे ओळखू येऊ द्या. हे १९८९ ला आम्हाला कोणी सांगितलं असतं तर? सौ. म्हणतात, तुम्ही ऐकलं नसतं. बरोबर आहे.

२०११ साली पुण्याला परत यायचं ठरलं आणि गाडी विकायला काढली. घेणाऱ्या तरुणानं विचारलं, "ही खरंच १९६६ ची आहे?" तिकडच्या नोंदणी कार्यालयाचं तेव्हा गुणांचं कोष्टक होतं. जुना क्रमांक टिकायला आठ गुण लागत. चासी किंवा काया मूळची, किंवा थेट निर्मात्याकडची नवी, तर पाच. निलंबन, आस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला, अँबॅसिडरच्या त्या भावाला, फक्त एक! आमचे चौदापैकी चौदा भरत होते. कायद्यानं गाडी १९६६ ची होती. तरी आम्ही त्याला जुन्या कायेचे फोटो दाखवले, काय फेकलं ते सांगितलं. त्यानं किंमत थोडी पाडली, आणि ते योग्यच होतं.

शेजारी तोवर गेला होता. हा तुकडा मात्र आम्ही त्या तरुणाला दिला नाही. गाडीसोबत द्यायला हवा होता, हे कळत असून दिला नाही. आता तो तुमच्यात फिरवतो. निळी खूण उजव्या कोपऱ्यात आहे, उजेडाकडे तिरका धरला की दिसते. कड धारदार आहे, जपून धरा.