सुश्रुतोक्त ‘अधिमांस’ आणि अक्कलदाढ

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यात सात स्थानांच्या आश्रयाने होणारे 65 रोग वर्णिलेले असून त्यांपैकी 15 दंतमूलगत, म्हणजे हिरड्यांचे होत. या पंधरांतील ‘वर्धन’ आणि ‘अधिमांस’ या दोहोंचा संबंध आधुनिक अभ्यासक अक्कलदाढेशी जोडतात. हा संबंध दोन्ही ठिकाणी सारख्याच बळाचा आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

अधिमांसाविषयी फारसा संशय राहत नाही. जबड्यातील सर्वांत मागच्या दातापाशी मोठी सूज, तीव्र वेदना, लाळ गळणे आणि कफाचे प्राधान्य, अशी लक्षणे ग्रंथकाराने दिली आहेत. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची झापड राहते, तिच्याखाली अन्नकण अडकून पू होतो, आणि रोग्यास तोंड उघडणेही कठीण जाते. दंतवैद्यास आजही नित्य दिसणारे हे चित्र त्या वर्णनाशी जुळते. स्थाननिर्देश इतका नेमका आहे की दुसऱ्या दाताची कल्पना करण्यास जागा उरत नाही.

चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायातील उपचारही याच निष्कर्षास पुष्टी देतो. वाढलेले मांस शस्त्राने छेदावे. वेखंड, तेजोवती, पाठा, सज्जीखार आणि यवक्षार यांचे चूर्ण मधातून लावावे. पिंपळी व मध यांचा कवल धरावा. पडवळ, त्रिफळा आणि कडुनिंब यांच्या काढ्याने मुख धुवावे, असा तो क्रम आहे. दात उपटण्याचा येथे उल्लेखच नाही. छेदलेली झापड पुष्कळदा पुन्हा वाढते. मूळ कारण असलेली दाढ जागीच राहत असल्याने हा उपचार कित्येकांच्या बाबतीत तात्पुरता ठरत असला पाहिजे.

वर्धनाची गोष्ट निराळी. वायूमुळे तीव्र वेदनांसह एक अधिक दात उगवतो आणि तो उगवल्यावर वेदना शमते, असे त्याचे लक्षण आहे. वेदनेचा हा क्रम अक्कलदाढेस शोभणारा आहे खरा. ॲरिस्टॉटलनेही विसाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या शेवटच्या दाढांची नोंद केली असून, उतारवयात त्या आल्यास फार वेदना होतात असे म्हटले आहे. परंतु ‘अधिक’ या शब्दाचे काय करावयाचे? शारीरस्थानात सुश्रुताने दातांची संख्या 32 दिली आहे. चार अक्कलदाढा धरल्याखेरीज ती भरत नाही. तेव्हा अधिक दात म्हणजे तेहेतिसावा, असाच सरळ अर्थ निघतो. शिवाय वेदना आपोआप शमणार असेल, तर तो दात उपटून त्या जागी अग्निकर्म करण्याचे विधान कशासाठी, हाही प्रश्न उरतोच. अक्कलदाढ आणि जादा दात हे दोन अनुभव येथे एकाच नावाखाली आले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. प्रत्येक आधुनिक रोगास प्राचीन नाव शोधून देण्याच्या उत्साहात हा भेद पुसला जाऊ नये.

दात उपटण्याविषयी सुश्रुत एकंदरीत सावध आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने अंधत्व किंवा अर्दित संभवते, असा त्याचा इशारा आहे. आजचा अनुभव पुष्कळसा उलट आहे: खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्यातील मज्जातंतूच्या निकट असल्याने तीच काढणे बहुधा अवघड जाते. पण दात काढण्यापूर्वी हे पाहता येणे क्ष-किरणांच्या शोधानंतरचे, म्हणजे 1895 नंतरचे; आणि वेदनारहित दंतोत्पाटनाचा आरंभही 1844 चा, जेव्हा अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. त्यानंतर अक्कलदाढा सरसकट काढण्याकडे कल वाढला. पुढे इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने 2000 साली, रोगाचे लक्षण नसताना अडकलेली अक्कलदाढ केवळ प्रतिबंधासाठी काढू नये, असा निर्देश दिला.