फँटसी हॉकी

खऱ्या सामन्यातील खेळाडूंचा आभासी संघ निवडून त्यांच्या मैदानावरील कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ. मुंबईच्या ड्रीम११ने (स्थापना २००८) हा प्रकार भारतात मुख्यतः क्रिकेटमधून रुजवला. तेथे निवडलेल्या अकरा खेळाडूंपैकी कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट होतात. म्हणून नवख्याने आधी कर्णधार ठरवावा. पण हॉकीत गोल आघाडीपटूच करतो असे नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) सर्वाधिक १० गोल बचावपटू हरमनप्रीत सिंगचे होते. पेनल्टी कॉर्नरला मैदानाच्या मागच्या रेषेवरून ढकललेला चेंडू वर्तुळाबाहेर थांबवतात. ड्रॅगफ्लिकर तो स्टिकने ओढत आत आणतो आणि गोलात भिरकावतो. हे काम कोणाकडे आहे, ते पाहूनच निवड करावी. पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथल्या कठड्याशी उभे राहून पाहिलेला एक कॉर्नर गुणांच्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवतो. फँटसी खेळांत पैसेही लावले जात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एक उपनिरीक्षक अशाच फँटसी क्रिकेट स्पर्धेत दीड कोटी रुपये जिंकल्यावर निलंबित झाला. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ड्रीम११नेही सशुल्क स्पर्धा थांबवल्या.