जुन्या मराठीतला ‘जी’

आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत मोठ्यांनी हाक मारली की ‘जी’ म्हणून ओ देतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे हसून म्हणतात, “तुमची मराठी हिंदी झाली!” या एका अक्षराचा जुन्या वाङ्मयातला जमाखर्च मांडला, तर त्यात थोडे खरे आहे आणि पुष्कळसे खरे नाही.

लीळाचरित्र : म्हाइंभटांनी हा ग्रंथ इ.स. 1278 च्या सुमारास ऋद्धिपूर (जि. अमरावती) येथे सिद्ध केला. त्यात चक्रधरस्वामींनी काही विचारले वा सांगितले की शिष्यांचे उत्तर ‘जी’ किंवा ‘जी जी’ असे येते. म्हणजे होकार आणि आदर दोन्ही एकाच शब्दात. मराठी गद्याच्या आरंभीच हा शब्द बोलण्यातला म्हणून भेटतो.

ज्ञानेश्वरी : इ.स. 1290. येथे ‘जी’ संबोधन आहे. अर्जुन श्रीकृष्णांशी, संजय धृतराष्ट्राशी आणि ज्ञानदेव निवृत्तिनाथांशी वा श्रोत्यांशी बोलताना तो येतो. उलट श्रीकृष्ण अर्जुनाशी बोलताना बहुधा ‘गा’ वापरतात. पारायण करताना ओवी कोणाच्या तोंडची हे उमगले नाही, तर ‘जी’ की ‘गा’ एवढे पाहावे. पुष्कळदा उलगडा होतो. काही ठिकाणी मात्र तो ओवीचा चरण भरण्यापुरताच असतो. ‘अजी’ हा त्याचाच भाऊ संतांच्या अभंगांत आढळतो.

पोवाडा : शाहिराने कडवे संपवले की मागचे झीलकरी ‘जी जी जी’ असा सूर धरतात. येथे अर्थ मागे पडून ताल उरला. तरी ‘ऐकतो आहोत, पुढे सांगा’ हा भाव त्यात आहेच.

नावांतला ‘जी’ : राणोजी, महादजी, तुकोजी या नावांत ‘जी’ नावाचाच भाग झाला. तो काढून टाकता येत नाही. त्यामुळे त्यातला आदर पुढे पुरेनासा झाला आणि वर ‘राव’ जोडावा लागला. इंदूरचे तुकोजीराव, ग्वाल्हेरचे जयाजीराव, बडोद्याचे सयाजीराव ही त्याची उदाहरणे. आपल्या तुकोगंजात हा ‘जी’ गळाला, पण तुकोजीरावांचे नाव राहिले.

सारखे दिसणारे शब्द : ‘जो, जी, जे’ यांतला ‘जी’ हे संबंधी सर्वनाम आहे, आदराशी त्याचा संबंध नाही. ‘आजी’ हा शब्द संस्कृत ‘आर्यिका’पासून आला, असे मानतात. ‘भाजी’ आणि ‘काळजी’ यांत तर केवळ अक्षर जुळते.

उतरती कळा : आदराचा शब्द अति झाला की त्याची किंमत घसरते. ‘हांजी हांजी करणे’ म्हणजे खुशामत, हा अर्थ मराठीत रूढ झाला आहे.

आता हिंदीचा हिशेब. ‘जोशीजी’, ‘कुलकर्णीजी’ असे प्रत्येक आडनावाला ‘जी’ लावण्याची सवय आपण शेजारच्या हिंदीकडून घेतली, हे मान्य करावे. मराठी वळण ‘जोशीबुवा’, ‘कुलकर्णी साहेब’, ‘माधवराव’ असे आहे. परंतु ओ देताना म्हटलेला सुटा ‘जी’ परका नाही. विदर्भात आजही ‘हो जी’, ‘नाही जी’ सर्रास ऐकू येते. आणि ऋद्धिपूर त्याच मुलुखात आहे.

म्हणून घरातल्या मुलांनी ‘जी’ म्हणून ओ दिली, तर हिंदी समजून त्यांना टोकू नये. सातशे वर्षांहून जुने खाते आहे. ते आपल्या हाताने बंद करण्याचे कारण नाही.